क्लासच्या व्हिडिओंसाठी ॲनालिटिक्सवाला प्लेअर निवडताना

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. लातूरला अकरावी-बारावीचे नीटचे क्लासेस आहेत, चारशेच्या आसपास रेकॉर्डेड लेक्चर्स आहेत, ती सगळी सध्या यूट्यूबवर अनलिस्टेड (शोधात न दिसणारी, लिंक असेल त्यालाच उघडणारी) टाकून तुमच्या वेबसाइटवर एम्बेड केली, म्हणजे पानातच बसवली आहेत. रोज साधारण तीनशे मुलं लॉगिन करून बघतात. आता तुम्हाला असा प्लेअर हवा आहे ज्यात ॲनालिटिक्स आयतं मिळेल: कोणी किती पाहिलं, कुठे सोडलं, आणि 'सर, व्हिडिओ अडकतो' या तक्रारीत तथ्य किती. हाताशी एक अर्धवेळ डेव्हलपर. तुम्ही चार नावं दिलीत आणि त्यातला बेस्ट कोणता असं विचारलंत. शेवटी असंही विचारलंत की नवा प्लेअर आला की साइट जड होईल का.

एक नाव सांगून मोकळं होणं सोपं आहे, पण त्याने तुमचं काम होईल असं मला वाटत नाही. मी बरीच वर्षं शिकवणीच्या साइट्सवर व्हिडिओचं काम करतो आहे. तिथे प्लेअरवरून भांडण झालेलं मी फारसं पाहिलं नाही. भांडण होतं ते डॅशबोर्डवरचा (आकडे दाखवणाऱ्या पानावरचा) आकडा आणि मुलाचं म्हणणं जुळत नाही तेव्हा.

तुमच्या त्या एका वाक्यात खरं तर तीन जणांचे प्रश्न आहेत. शिकवणाऱ्या सरांना हे जाणून घ्यायचंय की लेक्चर कुठे रटाळ झालं, कुठला भाग मुलं मागे जाऊन पुन्हा बघतात. त्यासाठी नावं लागत नाहीत, सगळ्या मुलांचा मिळून आलेख पुरतो, आणि तो पाच टक्के इकडेतिकडे झाला तरी काही बिघडत नाही. वेबसाइट सांभाळणाऱ्याचा प्रश्न निराळा आहे: व्हिडिओ सुरू व्हायला किती वेळ लागतो, मध्ये किती वेळा थांबतो, कुठल्या फोनवर, कुठल्या नेटवर्कवर. तिसरा प्रश्न पालकांचा, 'आमच्या पोराने लेक्चर पाहिलं का?' इथे नाव लागतं, आणि एकेका मुलाचा आकडा अचूक लागतो. सरासरीत खपून जाणारी चूक इथे एखाद्याला घरी बोलणी खायला लावते.

बाजारातले बहुतेक डॅशबोर्ड सरांच्या प्रश्नाचं उत्तर छान रंगीत आलेखात देतात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर काही जण नीट देतात. पालकांच्या प्रश्नाचं खात्रीलायक उत्तर तुम्ही तुमच्या लॉगिनची ओळख प्लेअरला पुरवल्याशिवाय कुणीच देऊ शकत नाही, मग जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो.

'ॲनालिटिक्ससकट प्लेअर' या नावाखाली तीन जातींचा माल विकला जातो, तोही एकदा वेगळा करून घेऊ. एक म्हणजे सगळं एकत्र: व्हिडिओ त्यांच्याकडे ठेवायचा, प्लेअर त्यांचा, डॅशबोर्डही त्यांचा. व्हिमिओ, विस्टिया, मक्स, क्लाउडफ्लेअर स्ट्रीम, आपल्याकडचे व्हीडोसायफर आणि गमलेट ही यातली नावं. दुसरी जात जेडब्ल्यू प्लेअर, बिटमूव्हिन यांसारख्या व्यावसायिक प्लेअरची. तिथे ॲनालिटिक्स हा बऱ्याचदा त्याच कंपनीचा, पण वेगळा विकला जाणारा भाग असतो. तिसरी जात मुक्त स्रोत, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, प्लेअरची. व्हिडिओ डॉट जेएस, गूगलचा शाका, एचएलएस डॉट जेएस, डॅश डॉट जेएस, प्लिअर. यांच्यात डॅशबोर्ड नसतो. काय घडलं याच्या घटना मात्र ते तपशिलात देतात, आणि त्या साठवायची सोय आपण करायची किंवा मक्स डेटा, कॉन्व्हिव्हा यांसारखी वेगळी सेवा जोडायची. शाकामध्ये तर एक गेटस्टॅट्स नावाचं फंक्शनच आहे, ते किती वेळ चाललं, किती वेळ बफरिंगमध्ये (डेटाची वाट बघण्यात) गेला, किती फ्रेम गळल्या, दर्जा कधी खालीवर झाला हे सगळं एका फटक्यात हातात देतं. (प्लिअरबद्दल एक सूचना: तो दिसायला सुंदर आहे, पण एचएलएस (व्हिडिओ छोट्या तुकड्यांत पाठवायची पद्धत) स्वतः चालवत नाही, त्याच्या पोटात एचएलएस डॉट जेएस घालावं लागतं. हे न कळल्यामुळे डेव्हलपर शनिवार-रविवार वाया घालवतात.)

मग यूट्यूब का सोडायचं? यूट्यूब स्टुडिओत प्रेक्षक टिकण्याचा आलेख चांगला मिळतो, म्हणजे सरांचा प्रश्न आजही बऱ्यापैकी सुटतो. पण कोण मुलगा, हे तिथे कधीच कळणार नाही. कुणी सुचवलं असेल की गूगल ॲनालिटिक्स ४ जोडा, तर त्यात एम्बेड केलेल्या यूट्यूब व्हिडिओसाठी आपोआप मिळतं ते एवढंच: सुरू झाला, १०, २५, ५०, ७५ टक्के झाले, संपला. तासाभराच्या लेक्चरमध्ये ५० ते ७५ टक्के म्हणजे पंधरा मिनिटांचा पट्टा. त्यात मुलगा 'फ्लेमिंगचा नियम' ऐकून गेला की त्याआधीच, हे सांगता येत नाही.

आता मुद्द्याच्या गोष्टीवर येतो, आणि इथे जरा थांबू. कुठल्याही विक्रेत्याला पहिला प्रश्न हा विचारा की तुमच्याकडे 'एक व्ह्यू' म्हणजे काय आणि 'सरासरी पाहिलेला वेळ' काढताना भागता कशाने?

हा किस पाडणं नाही. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये फेसबुकला जाहीरपणे कबूल करावं लागलं होतं की व्हिडिओ पाहण्याचा सरासरी वेळ ते जवळपास दोन वर्षं फुगवून दाखवत होते. कारण अगदी शाळकरी होतं. एकूण पाहिलेला वेळ भागताना छेदात फक्त तीन सेकंदांपेक्षा जास्त पाहिलेले व्ह्यू धरले होते. झटकन पुढे सरकलेले लोक छेदातून गायब. एवढ्या मोठ्या कंपनीत एवढी साधी गोष्ट इतके दिवस चालली, तर छोट्या प्लेअरच्या डॅशबोर्डमध्ये काय काय असू शकेल याचा अंदाज करा.

शिकवणीच्या व्हिडिओत छेदापेक्षाही जास्त घोळ घालते ती प्लेबॅकची गती. तुमची मुलं १.५ पटीत बघतात हे मी पैजेवर सांगतो. साठ मिनिटांचं लेक्चर १.५ पटीत चाळीस मिनिटांत संपतं. आता पाहिलेला वेळ किती, चाळीस की साठ? घड्याळाचा वेळ मोजणारा डॅशबोर्ड चाळीस म्हणेल, आणि त्याला साठने भागून '६७ टक्के पाहिलं' असं दाखवेल. मुलाने शब्दन् शब्द ऐकलेला असतो. व्हिडिओतले सेकंद मोजणारा साठ म्हणेल. दोन्ही मोजमापं आपापल्या जागी बरोबर आहेत, पण पालकांना दाखवायला दुसरंच लागतं, आणि कुठला डॅशबोर्ड कुठलं मोजतो हे माहितीपत्रकात क्वचितच लिहिलेलं असतं.

उलट्या बाजूची लबाडीही आहे. मुलगा पट्टी ओढून शेवटच्या पाच मिनिटांवर जातो, ती चालू देतो, 'पूर्ण' अशी हिरवी खूण मिळते. कारण प्लेअर 'सगळ्यात पुढचा गाठलेला बिंदू' मोजत असतो. हिरव्या खुणेवर टेस्ट उघडत असेल तर ही युक्ती आठवडाभरात सगळ्या बॅचला माहीत होते. यावर उपाय म्हणजे व्हिडिओतले कुठले सेकंद प्रत्यक्ष चालले, हे तुकड्यांनी नोंदवणं: १२० ते ४१०, मग ३०५० ते ३६००. ब्राउझरच्या व्हिडिओ घटकाकडे 'प्लेड' नावाचा गुणधर्म असतो, तो असे तुकडे स्वतःच जमवतो. पण तो एकमेकांवर चढलेले तुकडे जोडून टाकतो, म्हणजे मुलाने एक गणित चार वेळा मागे जाऊन पाहिलं तरी एकदाच दिसतं. शिवाय पान रिफ्रेश केलं की पाटी कोरी. सरांना तर नेमकं तेच चार वेळा पाहिलेलं हवं असतं. म्हणून विक्रेत्याला विचारा: प्रत्येक व्ह्यूचे तुकडे मला कच्च्या स्वरूपात मिळतील का, एपीआयने (एका प्रोग्रामने दुसऱ्याकडून माहिती मागायच्या सोयीने) किंवा सीएसव्हीने (साध्या तक्त्याच्या फाइलने)? 'डॅशबोर्डमध्ये हीटमॅप (कुठला भाग किती पाहिला ते रंगांत दाखवणारी पट्टी) आहे ना' हे उत्तर आलं तर समजा की ते नाही म्हणाले.

'अडकतो' या तक्रारीचं मोजमाप आणखी नाजूक आहे. मोजायला चार गोष्टी पुरतात: प्ले दाबल्यापासून पहिलं चित्र हलेपर्यंतचा वेळ, पाहण्याच्या वेळातला थांबून राहिलेला हिस्सा, चूक येऊन बंद पडलेले व्ह्यू, आणि सुरू होण्याआधीच निघून गेलेले. मेख आहे ती या चौघांची नोंद कशी होते त्यात.

ब्राउझर 'वेटिंग' नावाची घटना पाठवतो तेव्हा व्हिडिओ डेटासाठी थांबलेला असतो. पण मुलाने स्वतःहून दहा मिनिटं पुढे उडी मारली तरी हीच घटना येते. ते अडकणं नव्हे, ती उडीची किंमत. चांगला प्लेअर उडीनंतरचं थांबणं वेगळं काढतो. साधा प्लेअर सगळं एकाच हिशेबात टाकतो आणि मग जास्त उड्या मारणाऱ्या हुशार मुलांचं नेट सगळ्यात वाईट आहे असं दिसू लागतं. 'स्टॉल्ड' नावाची दुसरी एक घटना आहे, तिचा अर्थ एवढाच की पुढचा डेटा यायला वेळ लागतोय. बफरमध्ये (आधीच उतरवून ठेवलेल्या भागात) साठा असेल तर मुलाला काही जाणवतही नाही. काही जण तीसुद्धा 'बफरिंग' म्हणून मोजतात. आणि क्रोमने २०१८ पासून आवाजासकट आपोआप सुरू होण्यावर बंधनं घातली, त्यामुळे ऑटोप्ले नाकारला जाणं ही ब्राउझरची रोजची गोष्ट झाली आहे. तो नकार 'प्लेबॅक चूक' म्हणून जमा होत असेल तर तुमचं चुकांचं प्रमाण कारणाशिवाय भयानक दिसेल.

सगळ्यात फसवं आहे ते चौथं मोजमाप. बरेच डॅशबोर्ड व्हिडिओ खरोखर चालू झाल्यावरच व्ह्यूची नोंद करतात. गोल फिरणारं चक्र बघून कंटाळून गेलेला मुलगा त्यांच्या लेखी आलाच नव्हता. त्यामुळे नेटवर्क जितकं वाईट, तितके आकडे छान. त्याच्या जोडीला हेही घ्या: नेट गेलं की व्हिडिओही अडकतो आणि 'अडकला' हे कळवणारा संदेशही अडकतो. प्लेअर तो संदेश फोनमध्ये साठवून नेट आल्यावर पाठवत नसेल, तर सगळ्यात हाल झालेले व्ह्यूच तुमच्या तक्त्यातून गळतात. औसा किंवा निलंग्याकडच्या खेड्यातून बघणारा मुलगा नेमका असा गळतो, आणि तक्रार त्याचीच असते.

सुरू व्हायला किती वेळ चालेल, असं लोक विचारतात. अकामाई या व्हिडिओ पोचवणाऱ्या कंपनीचे कृष्णन आणि सीतारामन यांचा २०१२ चा अभ्यास यात नेहमी सांगितला जातो: सुमारे २.३ कोटी व्ह्यू तपासून त्यांनी दाखवलं की दोन सेकंदांनंतर लोक सोडून जायला लागतात आणि पुढच्या प्रत्येक सेकंदाला सोडण्याचं प्रमाण ५.८ टक्क्यांनी वाढतं. त्याच अभ्यासात हेही आहे की लांब व्हिडिओ बघणारे जास्त धीर धरतात, आणि चांगलं कनेक्शन असलेले लवकर वैतागतात. तासाभराचं लेक्चर, उद्या टेस्ट, मोबाईल डेटा: तुमचं पोर पाच सेकंदही थांबेल. म्हणून तुमच्यासाठी मी सुरुवातीच्या वेळेपेक्षा मधल्या थांबण्याला जास्त वजन देईन. एखाद्या न्यूज साइटने विचारलं असतं तर उलट सांगितलं असतं.

आयफोनचा विषय लवकर उरकतो, कारण तुमच्याकडे बहुतेक अँड्रॉइडच असणार. एचएलएस डॉट जेएससारखी लायब्ररी ज्या सोयीवर चालते ती आयफोनवर २०२३ मध्ये आयओएस १७.१ पर्यंत नव्हतीच. त्याआधीच्या फोनवर एचएलएस थेट सफारी हा आयफोनचा ब्राउझर चालवतो, आणि प्लेअरला व्हिडिओचे तुकडे, त्यांचा दर्जा, त्यातल्या चुका दिसत नाहीत. आयफोनवरचं क्रोमही आपल्याकडे आतून त्याच इंजिनवर चालतं. तेव्हा 'बिटरेट' (सेकंदाला किती डेटा) या रकान्यात आयफोनसमोर रिकामी जागा किंवा शून्य दिसलं तर घाबरू नका. सरासरी काढताना ते शून्य धरलं जात नाहीये ना, एवढं बघा.

ओळखीचा भाग मात्र घाईत सोडू नका. प्लेअर आयफ्रेममध्ये (आपल्या पानात बसवलेल्या दुसऱ्या साइटच्या चौकटीत) असतो तेव्हा तो दुसऱ्याच्या डोमेनवर राहतो. सफारीने २०२० पासून अशा बाहेरच्या कुकीज (ओळख पटवायला ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी) पूर्ण बंद केल्या आहेत आणि वेबसाइटच्या स्क्रिप्टने फोनमध्ये लिहून ठेवलेली ओळखही, त्या साइटशी सात दिवस संबंध आला नाही तर पुसली जाते. म्हणजे कुकीवर विसंबलेला डॅशबोर्ड एकाच मुलाला दर दोन आठवड्यांनी नवा प्रेक्षक समजू शकतो. भावाचा फोन, आईचा फोन, सायबर कॅफे हे वेगळंच. तुमच्याकडे लॉगिन आहे, हे तुमचं भांडवल आहे. प्लेअरला बाहेरून प्रेक्षकाची ओळख पुरवता येते का, हे बघा. येत नसेल तर तो प्लेअर यादीतून काढा, बाकी कितीही गोड असला तरी.

ती ओळख देताना मोबाईल नंबर, ईमेल, नाव काही देऊ नका. तुमच्या डेटाबेसमधला एक अर्थहीन क्रमांक द्या आणि नावाशी त्याची जोडी तुमच्याकडेच ठेवा. तुमची बरीच मुलं अठराच्या आतली आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार अठराखालचा प्रत्येक जण बालक धरला जातो, पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला मनाई आहे. शैक्षणिक संस्थांना नियमांमध्ये काही सवलत आहे, पण खासगी क्लास तिच्यात कितपत बसतो हे वकिलाला विचारा, मला किंवा विक्रेत्याच्या सेल्सवाल्याला नको. प्रवेशअर्जात 'व्हिडिओ पाहण्याची नोंद ठेवली जाते' असं साध्या मराठीत एक कलम मात्र आजच घाला. पालकांना हवंच असतं ते, सह्या अडत नाहीत.

निवड करताना मी माहितीपत्रक बाजूला ठेवतो आणि एक दुपार काढतो. ट्रायल खातं उघडायचं, दहा मिनिटांचा एकच व्हिडिओ चढवायचा, आणि कागदावर आधीच लिहिलेला कार्यक्रम हुबेहूब करायचा. पहिली दोन मिनिटं साध्या गतीने. मग दोन पट गतीने चार मिनिटांचा भाग. मग मागे जाऊन एक मिनिट पुन्हा. मग उडी मारून शेवटचे वीस सेकंद. दुसऱ्या फोनवर: सुरू करायचा, मिनिटभराने एअरप्लेन मोड, बफर संपून चक्र फिरेपर्यंत थांबायचं, अर्ध्या मिनिटाने परत नेट. तिसऱ्या वेळी प्ले दाबून, सुरू होण्याआधीच ॲप्सच्या यादीतून ब्राउझर वर सरकवून फेकून द्यायचा. चौथ्यांदा लॅपटॉपवर, क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क मुद्दाम मंद करून, आणि एकदा ब्रेव्ह ब्राउझरमधून, कारण तो ॲनालिटिक्सचे संदेश मूळचाच अडवतो. हे सगळं एखाद्या जुन्या, कमी रॅमच्या अँड्रॉइडवर करा, तुमच्या स्वतःच्या नव्या फोनवर नको.

दुसऱ्या दिवशी डॅशबोर्ड उघडायचा आणि कागदाशी ताडून पाहायचा. एअरप्लेन मोडचं थांबणं दिसतंय का? फेकून दिलेल्या व्ह्यूची काही खूण आहे का? दोन पट गतीचा भाग दोन मिनिटं धरला की चार? मागे जाऊन पाहिलेलं मिनिट कुठे गेलं? सगळ्या परीक्षेत पास होणारा कुणी नसतो. तुम्हाला कळायला हवं ते हे की नापास कुठे होतोय, आणि तो विषय तुमच्या कामाचा आहे का.

तुमच्या परिस्थितीत मी काय करेन? आधी यूट्यूब ठेवूनच मोजायला सुरुवात करेन. यूट्यूबच्या आयफ्रेम एपीआयमधून चालू, थांबवला, बफरिंग, संपला या अवस्था बदलल्या की कळवलं जातं. सध्या कुठल्या सेकंदावर आहे आणि गती किती, हेही विचारता येतं. तुमच्या डेव्हलपरने दर तीस सेकंदांनी एक ओळ तुमच्याच डेटाबेसमध्ये टाकायची: मुलाचा क्रमांक, व्हिडिओ, सेशन (एका बैठकीतलं बघणं), कुठल्या सेकंदापासून कुठल्या सेकंदापर्यंत, गती, त्यात थांबण्यात गेलेले मिलिसेकंद. तीनशे मुलं रोज एक तास बघतात असं धरलं तर दिवसाला ३६,००० ओळी होतात. साध्या मायएसक्यूएल डेटाबेसला हे काहीच नाही. फक्त पुढे दुसरा प्लेअर आला की, व्हिडिओ किती पुढे सरकला हे सतत सांगणाऱ्या 'टाइमअपडेट' घटनेवर थेट सर्व्हरला संदेश पाठवायचा मोह टाळा म्हणावं. ती सेकंदाला निदान चार वेळा येते, आणि मग परीक्षेच्या आदल्या रात्री आपणच आपला सर्व्हर पाडतो. शेवटची ओळ पान दिसेनासं होतानाच्या घटनेवर ब्राउझरच्या 'सेंडबीकन' या सोयीने पाठवायची. पान बंद होतानाच्या जुन्या घटनांवर मोबाईलमध्ये भरवसा नाही.

दोन-तीन आठवड्यांचे हे आकडे हातात आले की निम्मे प्रश्न सुटलेले असतील. 'अडकतो' म्हणणाऱ्यांत ठरावीक गावं किंवा ठरावीक फोनच पुढे आले, तर नवा प्लेअर घेऊन ते बदलणार नाही. तिथे कमी दर्जाची आवृत्ती किंवा नुसता ऑडिओ लागेल. फळ्यावरचं लेक्चर कमी बिटरेटलाही छान दिसतं, क्रिकेट नाही ते.

त्यानंतरही यूट्यूब सोडायचंच असेल, लिंक बाहेर फिरतात म्हणून किंवा शेजारी दुसऱ्या क्लासचे व्हिडिओ सुचवले जातात म्हणून, तर पहिल्या जातीतला, सगळं एकत्र देणारा पर्याय घ्या. अर्धवेळ डेव्हलपरवर स्वतः एन्कोडिंग (व्हिडिओच्या वेगवेगळ्या दर्जाच्या आवृत्त्या करणं), सीडीएन (व्हिडिओ जवळून पोचवणारे सर्व्हर) आणि प्लेअर उभा करण्याचा भार टाकू नका. चोरी हा मुख्य त्रास असेल तर डीआरएम (व्हिडिओ कॉपी करू न देणारं कुलूप) आणि स्क्रीनवर मुलाचा क्रमांक उमटवणारा वॉटरमार्क देणाऱ्याकडे जा, वर सांगितलेलं व्हीडोसायफर त्यासाठीच ओळखलं जातं. मोजमाप हा मुख्य हेतू असेल तर मला मक्सचा प्लेअर या कामाला सरळ वाटतो, कारण मोजमाप हाच त्यांचा पहिला धंदा. व्हिडिओ डॉट जेएस ज्याने २०१० मध्ये लिहिला तो स्टीव्ह हेफर्नन त्याच कंपनीच्या संस्थापकांपैकी एक आहे. विस्टियाचं एकेका प्रेक्षकाचं हीटमॅप सुरेख आहे, पण त्यांची सगळी मांडणी मार्केटिंगवाल्यांसाठी. तुम्ही पैसे मोजाल ते लीड (संभाव्य गिऱ्हाईक) पकडणाऱ्या फॉर्मचे. आणि कुणाचाही प्लेअर घेतला तरी तुमचा तो तीस सेकंदांचा तक्ता चालूच ठेवा. नव्या प्लेअरच्या घटना त्यालाच जोडा. उद्या सेवा बदलली, तर जुना डॅशबोर्ड त्यांच्याकडे राहील, पण तुमच्या दोन बॅचेसचा इतिहास तुमच्याकडे असेल.

पैशांचा अंदाज सही करण्याआधी घ्या. ४८० पीचा व्हिडिओ सेकंदाला सुमारे एक मेगाबिटला धरला तर तासाला ४५० एमबी होतात. तीनशे मुलं, रोज एक तास: दिवसाला १३५ जीबी, महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर साडेतीन टीबी. कुणी मिनिटांवर बिल लावतो, कुणी बँडविड्थवर (पाठवलेल्या डेटावर). मिनिटांवर असेल तर १.५ पट गतीने पाहिलेल्या लेक्चरचं बिल चाळीस मिनिटांचं की साठचं, हे लेखी विचारून घ्या. नीटच्या आधीच्या दोन महिन्यांत बघण्याचं प्रमाण किती वाढतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. हिशेब त्या महिन्यांचा करा, जूनचा नको.

राहिला साइट जड होण्याचा प्रश्न. होईल, पण तुम्ही घाबरताय तितकी नाही. व्हिडिओ डॉट जेएसमध्ये सातव्या आवृत्तीपासून एचएलएस चालवणारं इंजिन आतच येतं, त्यामुळे तो अंगाने भरलेला आहे. एचएलएस डॉट जेएसची एक हलकी आवृत्तीही मिळते. यावरची नेहमीची युक्ती म्हणजे पान उघडताना नुसतं लेक्चरचं चित्र दाखवायचं आणि मुलाने प्ले दाबलं की मग प्लेअर उतरवायचा, म्हणजे डाउनलोड करायचा. पान झटकन उघडतं. पण यात मोजमापाचा एक खड्डा आहे: प्लेअरचं घड्याळ प्लेअर आल्यावर सुरू होतं, त्यामुळे तो स्वतः उतरायला लागलेला वेळ डॅशबोर्डच्या 'सुरू होण्याच्या वेळेत' येतच नाही. मंद नेटवर तिथे तीन-चार सेकंद सहज जातात आणि आकडा दीड सेकंदच दाखवत राहतो. तुमच्या डेव्हलपरला सांगा की चित्रावर बोट टेकल्याची वेळ आपल्या पानावरच नोंदव, 'प्लेइंग' घटनेची वेळ नोंदव, आणि तो फरक त्याच तक्त्यात वेगळ्या रकान्यात टाक. तो आणि डॅशबोर्डचा आकडा यांत सेकंदापेक्षा जास्त तफावत दिसली, तर प्लेअरची फाइल पान उघडल्यावर मागच्या मागे आधीच उतरवून ठेवायची.